दोन आठवड्यांचं सरकार आणि माझं भाषण

न्यूझीलंडमधल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना आपलं आपण चालवायचं असं पहिलं सरकार मिळालं १८५६ साली, आणि ते जेमतेम दोन आठवडे टिकलं. ही माहिती मला माझ्या बारा वर्षांच्या मुलीने दिली, दप्तर भरता भरता, आणि ती सांगताना ती हसत होती. त्या सरकारवरून पुढे आमच्या घरात मी जो धुमाकूळ घातला, त्याचा राग मला अजून येतो. स्वतःचा राग येतो असं लिहिलं तर शहाणपणाचं दिसेल. पण तेव्हा मला सगळ्यांचा राग आला होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या इंग्रज गव्हर्नरचा, मुलीच्या बाईंचा, नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या हसणाऱ्या पोरीचा.

ही २०१४ सालची गोष्ट. आम्ही पुण्याहून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला येऊन तीन वर्षं झाली होती. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी इथे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. सहा महिन्यांत तिचा उच्चार असा बदलला, की फोनवर ती आणि तिच्या मैत्रिणी यांतली आपली कोण हे मला कळेना. फक्त ती वर्गात बोलत नसे. घरात बडबड, शेजारच्या मुलींशी बडबड, आणि वर्गात कुलूप. दर सहामाहीच्या रिपोर्टात तेच वाक्य: हुशार आहे, समजूतदार आहे, पण स्वतःचं मत मांडत नाही. तीन वर्षं मी ते वाक्य वाचत होते आणि दर वेळी तिला समोर बसवून विचारत होते, का बोलत नाहीस? याचं उत्तर अर्थातच ती देत नसे.

त्या वर्षी शाळेत प्रत्येकाला इथल्या इतिहासातल्या कशावरही तीन मिनिटं बोलायचं होतं. आधी वर्गात, मग वर्गातून दोघं निवडून शाळेच्या हॉलमध्ये, पालकांसमोर. बाकीच्या मुलांनी युद्धं घेतली, भूकंप घेतले, गिर्यारोहक घेतले. आमच्या कन्येने ते दोन आठवडे टिकलेलं सरकार घेतलं.

"का गं?" मी विचारलं.

"शॉर्ट गव्हर्नमेंट, शॉर्ट स्पीच," ती म्हणाली. "सिंपल, आई."

मी कामाला निघाले होते. हसले आणि विसरले. वर्गातलं भाषण कुठल्या दिवशी होतं हेही मला माहीत नव्हतं. मला कळलं ते एका शुक्रवारी संध्याकाळी, मी भाजी चिरत असताना. ती मागून येऊन म्हणाली, "आय गॉट इन." कशात गं? तर फायनलमध्ये. वर्गाने मतं देऊन निवडलेल्या दोघांत ती एक होती. तीन वर्षं तोंड न उघडलेली माझी मुलगी वर्गासमोर तीन मिनिटं बोलली होती आणि वर्गाने हात वर करून तिला निवडलं होतं.

आता इथे एखाद्या बऱ्या आईने काय केलं असतं? सुरी बाजूला ठेवून पोरीला मिठी मारली असती. मी म्हणाले, "बघू काय लिहिलंयस."

तिने कार्डं आणून दिली. सहा-सात कार्डं, जांभळ्या पेनाने लिहिलेली. सुरुवातच अशी, की आमच्या वर्गातला गोल्डफिशसुद्धा या सरकारपेक्षा जास्त जगला. मग पुढे तो माणूस, त्या सरकारचा प्रमुख, सरकार पडलं त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला असेल? चहा पिताना सांगितलं असेल, की जेवण झाल्यावर? त्याने नव्या कार्यालयात आपल्या खुर्चीवर कोट तरी टांगला होता का? असं सगळं. आणि शेवटच्या कार्डावर एक प्रश्न: त्या दोन आठवड्यांत इथल्या माओरी लोकांना कुणी जाऊन सांगितलं तरी होतं का, की सरकार आलंय, आणि आता गेलंय?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या पालकांसमोर, माझी मुलगी गोल्डफिशवर बोलणार?

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी वक्तृत्व स्पर्धांमध्ये वाढलेली मुलगी आहे. शाळेची स्पर्धा जाहीर झाली की माझे वडील फुलस्केप कागद घेऊन बसत. भाषण ते लिहीत, पाठ मी करत असे. सन्माननीय व्यासपीठापासून ते जय हिंदपर्यंत प्रत्येक शब्द त्यांचा, कुठे हात उचलायचा तेही त्यांनी समासात लिहिलेलं. सगळ्यांच्याच घरी असं होतं. परीक्षकांनाही माहीत असायचं. किंबहुना स्पर्धा खरी तर पालकांची असे, आम्ही फक्त उभ्या राहायचो. सहावीत मला 'लोकशाही' या विषयावर पहिलं बक्षीस मिळालं, आणि लोकशाहीबद्दल मला त्या वेळी काय वाटत होतं असं कुणी विचारलं असतं तर मी वडिलांकडे बघितलं असतं. यात काही चूक आहे असं मला चाळीस वर्षांची होईपर्यंत वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लायब्ररीत गेले आणि दोन पुस्तकं घेऊन आले. वाचायला लागले आणि खरोखर भडकले. प्रकरण असं होतं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी वर्षानुवर्षं लंडनकडे मागितलं, की आमचा कारभार आम्हाला करू द्या. लंडनने शेवटी हो म्हटलं. ऑकलंडच्या लाकडी सभागृहात पहिलं जबाबदार सरकार बसलं. पण गव्हर्नरने सांगितलं, बाकी सगळं तुम्ही बघा, मूळ रहिवाशांचा, म्हणजे माओरी लोकांचा, कारभार मात्र माझ्याकडे राहील. आणि ज्यांचा तो देश, त्यांना बहुतेकांना मतच नाही. मत द्यायला स्वतःच्या नावावर मालमत्ता हवी, आणि त्यांची जमीन अख्ख्या जमातीची सामायिक. मग हे सरकार प्रांत मोठे की केंद्र मोठं या भांडणात दोन आठवड्यांत कोसळलं. त्याच्यानंतरचंही दोन आठवड्यांत. तिसरं टिकलं.

हे मला शिकवायला नको होतं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात द्विदल राज्यपद्धती नावाचा धडा होता. आपल्या मंत्र्यांना शिक्षण आणि आरोग्य द्यायचं, पोलीस आणि तिजोरी साहेबाने स्वतःकडे ठेवायची, आणि वर म्हणायचं, चालवा आता! तो धडा मी मार्कांसाठी पाठ केला होता. त्यातला राग मात्र मला इथे येऊन कळला. मी पुण्यात अकरा वर्षं फार्मसी चालवलेली बाई. इथे पोचल्यावर पुन्हा परीक्षा, पुन्हा दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम. कोट माझा, गोळ्या मी मोजायच्या, डॉक्टरांची चूक मी पकडायची, आणि शेवटची सही माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोराची. रजिस्ट्रेशन मिळाल्यावरही मीटिंगमध्ये मी काही बोलले की तीन जण एकदम "सॉरी?" म्हणायचे. मग तेच वाक्य शेजारचा म्हणायचा आणि सगळे माना डोलवायचे. मी घरी येऊन भांडी आपटत असे.

तर मला त्या शनिवारी काय दिसलं ते स्पष्टच सांगते. मला दिसला एक हॉल, त्यात बसलेले दोनशे लोक, आणि माझे शब्द त्यांच्या उच्चारात. कुणीही सॉरी म्हणणार नाही. एकेक शब्द ऐकून घ्यावा लागेल. मुलीचं मत, मुलीची भीड, मुलीचं भाषण, यातलं काही माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. मला तिचा आवाज हवा होता, पाण्याला नळ लागतो तसा.

रविवारी दुपारपर्यंत इंग्रजीत तीन पानं तयार झाली. अजूनही सांगते, भाषण उत्तम होतं. स्वराज्य म्हणजे काय, अर्धं स्वराज्य म्हणजे फसवणूक कशी, ज्याच्या हातात राखीव अधिकार त्याच्याच हातात सत्ता, हे सगळं मुद्देसूद. मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "छान आहे. पण तिला तिच्या भाषणावर निवडलंय ना?"

"वर्गात चाललं ते हॉलमध्ये चालत नाही."

"अगं, तिला तरी विचार."

"तू बस तुझ्या लॅपटॉपपाशी," मी म्हणाले. तो बसला. त्याचं हे बसणं मला त्या दिवशी सोयीचं वाटलं आणि नंतर त्याचाही मला राग आला.

मुलीला विचारलं नाही असं मात्र नाही. पानं तिच्या हातात दिली आणि म्हटलं, बघ, आवडतंय का. तिने वाचलं. बराच वेळ लागला तिला.

"बट दे लाइक्ड माइन," ती म्हणाली. "दे लाफ्ड, आई. इन अ गुड वे."

"हसले म्हणजे भाषण झालं नाही. हसतात ते विनोदाला. तुला विनोदी म्हणून ओळखलं जायचंय का?"

 तिने पानं पुन्हा चाळली आणि विचारलं, शेवटचा प्रश्न तरी ठेवू का? तो तिने तिच्या मैत्रिणीशी बोलून लिहिला होता. ती मैत्रीण माओरी. तिला हिने विचारलं होतं, की तुमच्यात कुणाला माहीत होतं का गं या सरकारबद्दल, आणि ती म्हणाली होती, कुणी सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्यावरून तो प्रश्न.

मी म्हणाले, "प्रश्न विचारून खाली बसायचं नसतं. उत्तर द्यायचं असतं." आणि पेनाने एक रेघ मारली. माझ्या तीन पानांत जे नव्हतं ते त्या पोरीच्या एका ओळीत होतं, आणि मी ते खोडलं. गव्हर्नरवर तीन पानं रागावून लिहिणाऱ्या बाईने.

पुढचा दीड आठवडा रोज शाळेतून आली की स्वयंपाकघरात तालीम. ओट्याला टेकून मी, फ्रिजसमोर ती. "हाफ" म्हणताना तळहात खाली. "फ्रॉड" म्हणताना थांब, एक, दोन, मग पुढे. वाक्य चुकलं की पहिल्यापासून. ती चिडत नसे. मला वाटायचं, बघा, किती शहाणी. पहिल्या दिवशी तिने दोनदा वाद घातला, दुसऱ्या दिवशी एकदा, नंतर नाही. तिच्याकडे मी काय ठेवलं होतं? केसांच्या दोन वेण्या घालायच्या की एक, आणि निळा स्वेटर की राखाडी. त्याबद्दल तिचं मत मी आवर्जून विचारत होते. तिने राखाडी म्हटलं, आणि मी म्हटलं, निळा जास्त उठून दिसेल.

हॉलमध्ये त्या दिवशी बाहेरच्या वाऱ्याने पत्रा वाजत होता. प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या. नवरा कामासाठी वेलिंग्टनला गेलेला, मी एकटीच, दुसऱ्या रांगेत, रजा घेऊन. मुख्याध्यापकांनी किआ ओरा म्हणून सगळ्यांचं स्वागत केलं. एक मुलगा मेंढ्यांच्या जहाजांवर बोलला, मध्येच विसरला, हसला, कार्डं शोधली, पुन्हा सुरू झाला. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला मनात त्याची कीव आली. काहीच तयारी नाही पोराची.

मग माझी मुलगी. कार्ड नाही, कागद नाही. दोन्ही पाय जवळ, मान सरळ. एकही शब्द अडखळला नाही. हात बरोबर जागी उचलला गेला, बरोबर जागी खाली आला. थांबायचं तिथे थांबली, एक, दोन. आणि मी खुर्चीत बसून ओठांनी तिच्याबरोबर बोलत होते, शब्दाला शब्द. संपल्यावर टाळ्या झाल्या. व्यवस्थित टाळ्या, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा. तिच्या वर्गातली मुलं उजवीकडे जमिनीवर मांडी घालून बसली होती. ती एकमेकांकडे बघत होती. त्यांना गोल्डफिश हवा होता.

परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतले एक वयस्कर सर आले होते. ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, मुलांना मोकळं करायला, त्यात काही खोच नव्हती. तिला त्यांनी विचारलं, हा विषय तू का निवडलास?

खरं उत्तर सोपं होतं. सरकार छोटं, म्हणून भाषण छोटं. पण स्वराज्याची फसवणूक दोनशे लोकांना ऐकवून झाल्यावर ते उत्तर देता येतं का? ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, वाट बघितली. पुढचं वाक्य माझ्याकडे आहे, ते मी आता देईन, अशी. आणि मी दिलं! दुसऱ्या रांगेत बसून मी ओठ हलवले, सेल्फ-गव्हर्नमेंट, सेल्फ-गव्हर्नमेंट. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी तिच्या नजरेचा माग काढत मागे वळून बघितलं. मग आणखी चार-पाच जणांनी. सर म्हणाले, "दॅट्स ऑल राइट, वेल डन," आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. ती खाली येऊन तिच्या वर्गात बसली नाही. भिंतीपाशी बसली.

कार्यक्रम संपल्यावर तिच्या बाई मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं पडलं असतं, मी भांडले असते. त्या म्हणाल्या, वर्गात ती बोलली तेव्हा आम्ही सगळे हसून हसून लाल झालो होतो, आणि मग तो शेवटचा प्रश्न आला. मुलांनी त्यावर सबंध तास चर्चा केली, आणि ती त्या चर्चेत बोलत होती. सबंध तास. मग त्यांनी हळूच विचारलं, घरी काही झालं का?

मी म्हणाले, आमच्याकडे आम्ही तयारी करून घेतो. शक्य तितक्या थंड आवाजात म्हणाले. त्या "सॉरी?" म्हणाल्या. मी परत सांगितलं नाही.

पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत माझा संताप अगदी वर आला होता, आणि तो जायला जागा नव्हती. बाईंवर काढायचा तर त्या बरोबर होत्या. सरांवर काढायचा तर त्यांनी जगातला सगळ्यात साधा प्रश्न विचारला होता. वडील तर पुण्यात, ऐंशीचे. उरलं कोण? स्टिअरिंगवर हात आपटला, तर हॉर्न वाजला आणि शेजारची गाडी दचकून थांबली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

"तू सबंध तास बोललीस?" मी विचारलं. "वर्गात?"

"या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"यू डिडन्ट आस्क."

मी खरंच विचारलं नव्हतं. मी म्हणाले होते, बघू काय लिहिलंयस.

सिग्नलला गाडी थांबली. मी म्हटलं, माझी चूक झाली, बाळा. फार मोठी चूक झाली. तुझं भाषण मला म्हणून दाखव, आत्ता, इथेच. गोल्डफिशपासून. मला ऐकायचंय, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. आणि मला खरोखर ऐकायचं होतं. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

तिने थोडा वेळ विचार केला. कपाळाला आठी घालून, आठवायचा प्रयत्न करत. 

"आय कान्ट, आई," ती म्हणाली. "आय कीप गेटिंग युअर्स."

"आठवेल. सुरुवात कर, आपोआप आठवेल."

तिने सुरुवात केली. सीटबेल्ट लावलेला, हात मांडीवर. पहिलंच वाक्य माझं होतं. दुसरंही माझं. "हाफ" आलं तेव्हा तिचा तळहात आपसूक खाली गेला. तिला थांबता येत नव्हतं, मला थांबवता येत नव्हतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मी गिअर टाकला, आणि घर येईपर्यंत ती बोलत राहिली. तिन्ही पानांत तिची एकही चूक झाली नाही.